इल्माचा खांदा आणि वॉरेनच्या युक्त्या

इल्मा राऊटिओच्या सतरंज्या फाटत नसत. हीच त्यांची कीर्ती, आणि धंद्याच्या नजरेने बघितलं तर हीच त्यांची खोड. लेक सुपीरियर या अमेरिकेतल्या मोठ्या तळ्याच्या काठावरच्या कोस्की लँडिंग गावात निम्म्या घरांतल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या, खोल्यांत तिच्या आईने विणलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या अजून ओल्या पायांखाली पडलेल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या घरांत इल्माने विणलेल्या. एकदा सतरंजी घेतली की त्या घरातून पुन्हा गिऱ्हाईक यायचं म्हणजे एक तर तिथे लग्न निघायला हवं, नाही तर आग लागायला हवी.

बाहेरगावचं गिऱ्हाईक मिळायचं ते हमरस्त्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानातून. ते बंद पडलं, तेव्हा इल्माने स्वतःच इंटरनेटवर दुकान मांडलं. तिला कुणी शिकवलं नाही. हातकामाच्या वस्तू विकायची सोय असलेल्या एका ठिकाणी तिने नाव घातलं, ओसरीच्या कठड्यावर सतरंज्या टाकून ढगाळ उजेडात फोटो काढले, कारण दुसरा उजेड तिथे ऑक्टोबर ते मे मिळतच नाही, आणि खाली लिहिलं : ‘तपकिरी. पुरुषांच्या जुन्या पँटी. धुता येते.’ दुसरीखाली : ‘निळी. चादरी. धुता येते.’ झालं दुकान.

शिकागोच्या एका बाईने विचारलं, की हे कापड कुणावर अन्याय न करता मिळवलेलं आहे ना? इल्माने उत्तर धाडलं, ‘नवऱ्याच्या पँटी आहेत. त्याला न विचारता घेतल्या.’ बाईने सतरंजी घेतली. पुढे तिच्या बहिणीनेही घेतली. अशा रीतीने, न धावता न धापा टाकता, दुकान चालत होतं. माग तळघरात होता. इल्मा सकाळची कॉफी पिऊन खाली उतरायची, पावड्या दाबायची, आडव्या धाग्याचा धोटा फेकायची, फणी ठोकायची. त्या ठोक्यांनी वरच्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या किणकिणायच्या. माणसांपेक्षा तिला मागाची संगत बरी वाटे. माग निदान स्वतःबद्दल बोलत नाही.

तिचा नवरा वॉरेन मात्र बोलायचा. बोलणं हेच त्याचं भांडवल होतं. जवळच्या शहरातल्या फर्निचरच्या दुकानात त्याने उभा जन्म सोफे विकले. गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवायचं, त्याच्या आईची चौकशी करायची, डोळे पाणावले की सहीचा कागद पुढे करायचा. या कलेत त्याचा हात धरणारं आख्ख्या पट्ट्यात कुणी नव्हतं. मग ते दुकानही बंद पडलं. मालकाने सगळ्यांना एकेक टेबलावरचा दिवा देऊन घरी पाठवलं, आणि वॉरेन दिवा काखेत मारून घरी आला तो कायमचा.

घरी बसलेला विक्रेता म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा नव्हे. मासा तडफडून गप्प होतो. वॉरेन गप्प झाला नाही. पहिला आठवडा त्याने छपरावरचा बर्फ ओढला, दुसऱ्या आठवड्यात तळघराच्या पायरीवर येऊन बसला आणि इल्माला दुकान वाढवायच्या युक्त्या सांगू लागला. सतरंजीला नाव हवं म्हणाला. नावामागे गोष्ट हवी. नुसतं ‘तपकिरी’ म्हणून कुणाच्या काळजाला हात लागतो का? ‘वडिलांची शेवटची शिकार’ म्हण. इल्मा म्हणाली, पँटी तुझ्या आहेत, आणि तू अजून शेवटचा झालेला नाहीस. फोटोत विणणाऱ्याचे हात दिसू देत, गरम कपाला वेढलेले, असंही त्याने सुचवलं. तेव्हा इल्माने त्याला हात दाखवला खरा, पण तो फोटोत घालण्यासारखा नव्हता.

एक गोष्ट तिने त्याला तेव्हा सांगितली नाही. भाव वाढव, असंही तो म्हणाला होता. तिने गुपचूप वाढवले होते, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. शंभर बाण मारले की एखादा लागतोच, असं तिने मनाशी म्हटलं आणि विषय मिटवला.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाला तिचा उजवा खांदा जखडला. हात कानापर्यंत जाईना, धोटा फेकताना कळ डोळ्यांत यायची. सतरंज्या रखडल्या. तिने दुकानावर एक ओळ टाकली, ‘वाट पाहावी लागेल,’ आणि का ते लिहिलं नाही. आपल्या खांद्याची चर्चा नेब्रास्कात कशाला?

डिसेंबरात वाचनालयाच्या ट्रेझोनाबाईंनी इल्माला बोलावलं. गावातल्या बायका काही ना काही करतात, त्यांना इंटरनेटवरच्या दुकानाबद्दल दोन शब्द सांग म्हणाल्या. इल्माने सरळ नाही म्हटलं. दोन शब्द तिच्याकडे होते, ‘नीट विणा’, आणि तेवढ्यासाठी कोट-बूट चढवून बर्फात उतरायची तिला गरज वाटली नाही. तिच्याऐवजी वॉरेन गेला. जाताना दाढी केली, दुकानात घालायचा तो कोट घातला.

तिथे तो काय बोलला, ते इल्माला दुसऱ्या दिवशी किराणा घेताना कळलं. ‘आम्ही’ म्हणाला. आम्ही सुरुवात केली, आम्ही ठरवलं, आम्ही सतरंजीला आवाज दिला. आणि आता आमच्या दुकानापुढे लोक रांग लावून वाट बघताहेत. ऐकणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले म्हणे. इल्मा पिठाची पिशवी उचलून घरी आली, डाव्या हाताने. हा बारका खोटेपणा आहे, हिवाळा आहे, माणसाला करमणूक हवी, उन्हाळ्यात मासे धरायला जाईल आणि विसरेल, असा तिचा हिशेब.

तो विसरला नाही. त्याला चव लागली होती. त्याने फोन लाकडाच्या ओंडक्याला टेकवून स्वतःचं बोलणं टिपलं आणि जगापुढे ठेवलं. मागे पार्श्वभूमी हवी म्हणून तळघरात मागाच्या बाकड्यावर बसला. धोटा हातात घेऊन. उलटा. पण बघणाऱ्यांना कुठे कळत होतं? फेब्रुवारीत त्याने त्याचा अभ्यासक्रम केला, फी लावली, नाव दिलं ‘राऊटिओ पद्धत’. रोज सकाळी विद्यार्थ्यांना एक संदेश जायचा, ‘सुप्रभात, निर्मात्यांनो,’ आणि दर गुरुवारी संध्याकाळी वॉरेनराव मागावर विराजमान होऊन थेट दर्शन द्यायचे. तेवढा वेळ इल्माला स्वतःच्या बाकड्यावरून उठावं लागे. ती वर येऊन वेलदोड्याचा पाव मळायची, आणि जमिनीच्या फळ्यांमधून नवऱ्याचा आवाज यायचा. रोज काहीतरी दाखवा. फळी कधी रिकामी दिसू देऊ नका, रिकामं दुकान बघून गिऱ्हाईक पळतं. पार्सलात हाताने लिहिलेली चिठ्ठी घाला. घाबरलात तर जास्त बनवा. इल्मा पिठाला असे गुद्दे घालायची की पाव फुगायचं नाव घेत नसे.

या युक्त्या वाईट होत्या असंही नाही. मिठाला मीठ म्हणण्याइतक्या त्या खऱ्या होत्या. पण नुसतं मीठ वाढून माणसाला जेवलास म्हणून सांगायचं, हा धंदा वॉरेनचा. मेणबत्त्या, साबण, बाहुल्या, पक्ष्यांची घरटी करणारी माणसं देशभरातून त्याच्याकडे येऊ लागली. बहुतेक एकटी, बहुतेक उतारवयाची. वस्तू बरी झाली आहे का, हे तो कुणालाच विचारत नसे. तो विचारायचा, तुमची गोष्ट काय?

आणि पैसा आला. जुनी तेलाची भट्टी दर जानेवारीत धाप टाकायची, ती काढून वॉरेनने घर तापवायची नवी भट्टी बसवली. तळघर पहिल्यांदा उबदार झालं. इल्माचा खांदा त्या उबेने थोडा सैल झाला. ती भट्टीकडे पाठ करून बसायची, खांदा शेकायची, आणि ऊब कुठून आली याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ठरवलेलं बऱ्यापैकी जमत होतं.

वॉरेनचे विद्यार्थी मग तिच्या दुकानावरही डोकावू लागले. ते खरेदी करत नसत, प्रश्न विचारत. तुम्ही नाव कसं सुचवता? तुम्ही सकाळी किती वाजता वस्तू दाखवता? सॅगिनॉच्या एका बाईने लिहिलं होतं, मी छोट्या लांबोडक्या कुत्र्यांसाठी स्वेटर विणते, एकच माप ठेवलंय, ते चुकतंय का असं वाटतं, तुम्ही स्वतः विणता म्हणून तुम्हाला विचारते. इल्माने वाचलं. ‘वॉरेनची मेंढरं,’ असं पुटपुटली, आणि बाकीच्यांबरोबर तेही पुसून टाकलं.

मे महिन्यात बर्फ वितळून अंगणाचा चिखल झाला होता, तेव्हा एका गुरुवारी दुपारी दारात एक जुनी गाडी थांबली. गाडीच्या मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं, इतकी ती लोकरीने भरली होती. उतरली ती एक ठेंगणी, नीटनेटकी बाई. काखेत बुटक्या पायांचा लांब कुत्रा, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली, खसखस भरलेल्या गोड पावाची वळकटी. नाव बर्नडेट क्लोसोव्स्की. सॅगिनॉहून, म्हणजे मोठ्या पुलाच्या पलीकडून, एकटी गाडी हाकत आली होती.

वॉरेनने तिला दारातच ओळखलं. नावाने हाक मारली, दोन्ही हातांत तिचा हात घेतला, कुत्र्याचंही नाव त्याला पाठ होतं, पोलिश करंजीवरून ठेवलेलं. पिएरोगी. वॉरेनची ही हातोटी कुणी नाकारू नये. इल्माने कॉफी ठेवली. कपाळावर आठी घालूनच ठेवली. पुलापलीकडचे लोक न सांगता येतात, आणि आले की चिखल घेऊन आत येतात.

कॉफीबरोबर सगळं बाहेर आलं. बर्नडेटने फेब्रुवारीपासून नुसते स्वेटरच विणले होते. फळी भरलेली ठेवायची म्हणून विणले, खपले नाहीत तशी घाबरली, घाबरलात तर जास्त बनवा म्हणून आणखी विणले. एक तिच्या मावसबहिणीने घेतला. दुसरा कुणा अनोळखी माणसाने घेतला आणि परत पाठवला. बाकीचे गाडीत आहेत. घरात आता बसायला जागा नाही.

वॉरेनने डोळे अर्धे मिटून मान हलवली. सोफ्यावरच्या गिऱ्हाइकासमोर हलवायचा तशीच. मग हळुवार आवाजात म्हणाला की दोष स्वेटरचा नाही, स्वेटरला अजून त्याची गोष्ट सापडलेली नाही. उन्हाळ्यात तो पुढच्या पायरीचा वर्ग घेणार आहे, तिथे नेमकं हेच शिकवतो. जुन्या विद्यार्थ्यांना निम्म्या फीत.

बर्नडेटने मान डोलावली आणि मांडीवरची पर्स उघडली.

पर्सच्या खटक्याचा आवाज झाला, आणि इल्माच्या हातातली किटली तिथेच थांबली.

“पर्स बंद करा,” ती म्हणाली.

वॉरेन हसला. “इल्माचं असंच आहे, बर्नडेट. तिला—”

“तू गप. तुम्ही तो स्वेटर आणा बघू एक.”

स्वेटर आणला. विण सुरेख होती, एकसारखी, घट्ट, कडा सरळ. इल्माने मनातल्या मनात कबूल केलं. मग तिने तो पिएरोगीला चढवायला सांगितलं. ते सोपं नव्हतं. पायांची भोकं इतकी चिंचोळी होती की बर्नडेटला एकेक पाय कोंबावा लागला. चढल्यावर कुत्रा पेंढा भरल्यासारखा ताठ उभा राहिला. एक पाऊल टाकायचा विचार त्याने केला, तो सोडून दिला, आणि सावकाश एका कुशीवर कलंडला. तिथूनच तिघांकडे बघत राहिला.

“त्याला हे आवडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?” इल्माने विचारलं.

“होतं.”

“मग गाडीभर विणलेत कसे? तळ्यात उडी मारा म्हटलं असतं ह्याने, तर मारली असतीत? लेकीसुनांना अक्कल शिकवायचं वय तुमचं, आणि एका सोफेविक्याच्या सांगण्यावरून स्वतःला लोकरीत पुरून घेतलंत.”

बर्नडेटने खाली वाकून आधी कुत्र्याचे पाय सोडवले. चारही. मग स्वेटरची घडी घातली. तोंड लाल झालं होतं, पण आवाज शांत होता.

“मला मूर्ख समजू नका, बाई. भोकं लहान आहेत हे मला पहिल्या दहा स्वेटरांतच कळलं. एक माप पुरत नाही हेही. म्हणून तर तुम्हाला लिहिलं. ह्यांना नाही, आधी तुम्हाला. तुम्ही हाताने काम करता, तुम्हाला कळेल म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाहीत.” तिने वॉरेनकडे हात केला. “ह्यांनी दिलं. चुकीचं दिलं, पण दिलं. रोज सकाळी देतात. माझा नवरा काझिमिर गेल्यापासून मला सुप्रभात म्हणणारं दुसरं कुणी नाही.”

इल्माला काय वाटलं, ते तिने नंतरही कुणाला नीट सांगितलं नाही. एवढं खरं, की आयुष्यभर ती लोकांना कमी लेखत आली होती आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघाला होता. त्याने माणसाला एक सवय लागते. समोरचं माणूस तोंड उघडायच्या आत त्याला मेंढरू म्हणायची. आज मेंढराने तिच्याच टेबलाशी बसून तिला तिचा हिशेब दाखवला होता. आणि पायांखालून, तळघरातून, नव्या भट्टीची घरघर येत होती.

तिने खसखशीची वळकटी कापली. मोठा तुकडा बर्नडेटला दिला, वॉरेनला दिलाच नाही.

मग ती म्हणाली की लोकर उत्तम आहे, स्वेटर उभे कापून पट्ट्या केल्या तर सतरंजीत आडवा धागा म्हणून झकास बसतील, आपण मिळून करू. यात तिची माफी होती, पण तिला ती तशी मागता येत नव्हती. बर्नडेटने ती घेतलीही नाही.

“कापायचे?” ती म्हणाली. “विणलेत मी ते. तुम्हाला दिसेल त्याच्या चिंध्याच दिसतात का हो?”

इल्माला हसू आलं. त्या वर्षातलं पहिलं असावं.

संध्याकाळी वॉरेन नेहमीप्रमाणे खाली जायला निघाला, तर इल्मा आधीच बाकड्यावर बसलेली. बाजूच्या खुर्चीत बर्नडेट, मांडीवर कुत्रा. फोन ओंडक्यावर लागलेला होता आणि समोर देशभरातली माणसं येऊन बसलेली होती. वॉरेनला बसायला जागा नव्हती. तो भट्टीजवळ उभा राहिला.

इल्माने भाषण केलं नाही. तिला ते येतच नव्हतं. आज प्रश्नांची उत्तरं मी देणार, एवढं सांगितलं, आणि ज्याला वस्तू दाखवायची असेल त्याने कॅमेऱ्याजवळ धरा म्हणाली. नेब्रास्काच्या एका बाईने तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास येणारी मेणबत्ती दाखवली. इल्मा म्हणाली, ही विकत घेणारा माणूस त्यापेक्षा मांस तळेल. जॉर्जियाच्या एका म्हाताऱ्याने पक्ष्याचं घरटं दाखवलं, वर रंगीत काचा बसवलेल्या. तिने विचारलं, पक्षी राहतो का? तो म्हणाला, नाही. मग काचा काढ, म्हणाली, आणि पक्षी राहिला की फोटो काढ. दोघातिघांना तिने सांगितलं, हे चांगलं आहे, पण तुमच्या गावात चालेल, इंटरनेटवर नाही, शनिवारच्या बाजारात मांडा आणि समोर उभे राहा. एका मुलीची लाकडी चमच्यांची जोडी बघून ती फोनपुढे वाकली आणि म्हणाली, भाव वाढव. “हे माझं नाही. हे वॉरेनने मला सांगितलं होतं. हे एक बरोबर होतं.”

काही जण रागावून निघून गेले. निघाले नाहीत ते पुढे सरकले. मग कुणीतरी विचारलं की ते सगळं असू दे, पण तुमच्या दुकानापुढे रांग कशी लागली, तेवढं गुपित सांगा.

“खांदा धरला होता,” इल्मा म्हणाली. “हात वर जात नव्हता. सतरंज्या होत नव्हत्या. म्हणून रांग.”

वॉरेन जिना चढून वर गेला. त्याच्या पावलांचा आवाज तिला डोक्यावरून ऐकू येत राहिला. कोट घेतला, दार उघडलं, गाडी सुरू झाली.

पुढचे दिवस चांगले गेले नाहीत. पैसे परत मागणारे खूप निघाले, आणि इल्माने ज्याने मागितले त्याला दिले. भट्टी काही परत करता येत नव्हती, म्हणून वॉरेनची बर्फावरची गाडी विकली. तो भावाच्या शिकारीच्या झोपडीत राहायला गेला होता. तिथे डास होते आणि कुणी ऐकणारं नव्हतं. जून अर्धा सरल्यावर, एका शनिवारी सॉनाच्या वेळेला, तो परत आला. दोघं त्या कोंदट वाफेत बसली, तेव्हा कुठे तो बोलला.

म्हणाला, “दुकान बंद झाल्यावर मी दिवसभर काय करतो, हे तू एकदा तरी विचारलंस? त्या तळघरात लोक माझं ऐकत होते, इल्मा. ह्या घरात कुणी ऐकत नव्हतं.”

“ऐकतात म्हणून काहीही सांगायचं?”

“नाही,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “नाही.”

इल्माने तापलेल्या दगडांवर आणखी एक डबा पाणी ओतलं. तिच्यापुरता तो विषय तिथे संपला. तिने त्याला क्षमा केली असं म्हणता येणार नाही, पण रात्रीच्या जेवणाला ताट वाढलं.

बर्नडेट त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी स्वेटर घेऊन सॅगिनॉला परतली होती. इल्माने जाताना तिला भोकं किती रुंद करायची, छातीचं माप कुठून घ्यायचं, हे कुत्र्याच्या अंगावर बोट ठेवून समजावलं. बर्नडेटने सगळं ऐकलं आणि म्हणाली, तीन मापांत कुत्र्याला कपडे घेईल असं आमच्या गल्लीत कुणी नाही. तिने विकण्यासाठी विणणं सोडलं. स्वेटर भटक्या कुत्र्यांच्या आश्रमाला देऊन टाकायला गेली, तर तिथली कुत्री सगळी वासराएवढी. ते अजून तिच्या घरातच आहेत. पण आता दर गुरुवारी संध्याकाळी ती इल्माला फोन करते. इल्माला फोनचा तिटकारा. ती तो मागाच्या चौकटीवर ठेवते, धोटा फेकत राहते, आणि बर्नडेट चर्चमधल्या मासळीच्या जेवणावळीत कुणी कुणाचं काय ऐकून घेतलं ते सांगत राहते. इल्मा मधूनमधून म्हणते, “मूर्ख आहे ती.” बर्नडेट म्हणते, “तुम्हाला सगळेच.” फोन कुणी आधी ठेवत नाही.

दुकानावर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला इल्मा आता उत्तर देते. गोड नसतं, एका ओळीचं असतं, पण जातं. धंदा त्याने वाढला म्हणावं, तर नाही. होता तेवढाच आहे. सतरंज्या अजून फाटत नाहीत.

आणि वॉरेन? त्याला पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्याच्या वाचनालयाने बोलावलं. विषय, धंदा बुडाल्यावर माणसाने पुन्हा उभं कसं राहावं. त्याने दाढी केली, कोट घातला. त्याने सगळं खरं सांगितलं म्हणतात, खांदा, उलटा धोटा, झोपडीतले डास, सगळं. आवाज भरून आला त्याचा. खुर्च्या कमी पडल्या. मागे उभे राहिलेल्यांपैकी कितीतरी जणांनी विचारलं, याचा वर्ग कधी सुरू करताय?

हे ट्रेझोनाबाईंनी इल्माला सांगितलं, तेव्हा ती पिठाच्या पिशव्यांमधून एक निवडत होती. तिने पिशवी उचलली. या वेळी उजव्या हाताने.

“बोलावतील तिथे जाऊ दे त्याला,” ती म्हणाली. “पण फी घेतली, तर मला कळवा.”